ईटीडब्ल्यूकडे लॉग वळवण्याआधी काय तयार हवं

विंडोज सर्व्हिसचा लॉग टेक्स्ट फाइलमधून काढून इव्हेंट ट्रेसिंग फॉर विंडोजकडे, म्हणजे ईटीडब्ल्यूकडे, न्यायचं ठरलं की बहुतेक टीम लगेच कोड उघडतात. माझं मत आहे की आधी दोन दिवस कागदावर घालवावेत. विंडोज २००० पासून ही यंत्रणा विंडोजमध्येच आहे. प्रोग्रॅम बंद न करता लॉग चालू-बंद करता येतो, आणि कुणी ऐकत नसेल तेव्हा तिचा भार नगण्य असतो. पण तिची चाळणी चालते ती संदेश लिहिताना तुम्ही त्यावर मारलेल्या दोन शिक्क्यांवर: लेव्हल (संदेश किती गंभीर) आणि कीवर्ड (तो कुठल्या विभागाचा). हे शिक्के कोडमध्ये चुकले, तर अडचणीच्या रात्री बाहेरून फारसं काही करता येत नाही.

लेव्हलपासून सुरुवात करा. ईटीडब्ल्यूत १ म्हणजे क्रिटिकल, २ एरर, ३ वॉर्निंग, ४ इन्फर्मेशनल आणि ५ व्हर्बोज. सेशन म्हणजे इव्हेंट, अर्थात लॉगचे संदेश, टिपून घेण्याची एक फेरी; तिला जो आकडा द्याल तो आणि त्याखालचे सगळे इव्हेंट आत येतात. डॉटनेटच्या नेहमीच्या लॉगरमध्ये मोजणी नेमकी उलटी आहे: ट्रेस ०, डीबग १, आणि क्रिटिकल ५. वॉर्निंग दोन्हीकडे ३ च, त्यामुळे घाईत चाचणी करणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं आणि एरर मात्र भलत्याच खान्यात जाऊन पडतात. म्हणून आकडा थेट पुढे ढकलू नका, दोन्ही लेव्हलची जोडणी एका छोट्या तक्त्यात लिहा आणि त्या तक्त्याची टेस्ट लिहा. ट्रेस आणि डीबग दोन्ही व्हर्बोजमध्ये जातील, तेवढं चालतं. जुना लॉगर मध्येच राहणार असेल तर त्याच्या स्वतःच्या किमान लेव्हलकडेही बघा. तिथेच डीबग अडवलेलं असेल तर सेशन ५ वर लावून हाती काहीच येणार नाही.

कीवर्डवर मात्र निवांत बसा, माझ्या मते खरं काम तिथेच आहे. कीवर्ड हा ६४ बिटांचा मास्क असतो, म्हणजे एकेका विभागाला एकेक बिट. वरचे १६ बिट मायक्रोसॉफ्टने राखून ठेवले आहेत, पण आपल्याला सहा-सात पुरतात. विभाग करताना क्लासच्या नावांकडे बघू नका. रात्री फोन येतो तेव्हा समोरचा माणूस तक्रार कशी सांगतो, त्याप्रमाणे करा, जसं आमच्या वजनकाट्यावर: ‘वजन येत नाही’, ‘पावती छापत नाही’, ‘नोंद दिसत नाही’. मग १ सीरियल पोर्टला, २ डेटाबेसला, ४ छपाईला, ८ नेटवर्कला, १६ ऑपरेटरच्या कृतींना. पोर्ट आणि डेटाबेस दोन्ही हवे असतील तर मास्क ३. लॉगमॅनला, म्हणजे सेशन चालवणाऱ्या विंडोजच्या कमांडला, हा मास्क हेक्साडेसिमलमध्ये द्या, म्हणजे १६ साठी तिथे 0x10 लिहायचं, आणि हे कागदावर शेजारीच लिहून ठेवा.

एकही इव्हेंट कीवर्डशिवाय सोडू नका, आणि हे मी अनुभवाने सांगतो. आमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालतं. पहिल्या वर्षी आम्ही जुन्या लॉगरवर एक पातळ अडॅप्टर चढवला होता: लिहिण्यासाठी एकच मेथड, लेव्हल कायम इन्फर्मेशनल, कीवर्ड कुठलाच नाही. ऐन गाळप हंगामात एका रात्री काट्यावरचं वजन स्क्रीनवर यायला वेळ लागू लागला आणि बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग वाढत गेली. आम्हाला फक्त पोर्टचे संदेश हवे होते. सेशन लेव्हल २ वर लावलं, फाइल रिकामी. ४ वर लावलं, तर पावत्या, छपाई, डेटाबेस, सगळं एकदम येऊन आदळलं. मास्क लावला तरी फरक नाही, कारण ज्या इव्हेंटचा कीवर्ड शून्य असतो त्याला मास्क अडवतच नाही. शेवटी हजारो ओळी डोळ्यांनी चाळल्या. ट्रॉलीवाले रात्रभर थंडीत शेकोटी करून बसले होते, आणि त्याला आमचा तो एक निष्काळजी क्लास कारणीभूत होता.

त्यामुळे ईटीडब्ल्यूत लिहिण्यासाठी डॉटनेटचा इव्हेंटसोर्स हा क्लास वापरत असाल तर प्रत्येक लेव्हल आणि विभागासाठी वेगळी मेथड लिहा, कारण तिथे शिक्का मेथडवरच असतो. किंवा लेव्हल आणि कीवर्ड दर वेळी सोबत देता येतात तो मार्ग घ्या. संदेशाची स्ट्रिंग जोडण्याआधी इज-एनेबल्डची, म्हणजे कुणी ऐकतंय का याची, तपासणी ठेवा. नाहीतर सेशन बंद असतानाही स्ट्रिंग जोडण्याचा खर्च होतच राहतो. प्रोव्हायडरचं, म्हणजे इव्हेंट पाठवणाऱ्या तुमच्या बाजूचं, नाव एकदाच आणि विचार करून ठरवा: इव्हेंटसोर्सचा जीयूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, नावावरूनच तयार होतो, म्हणून पुढच्या रिलीजला कुणी नाव सुधारलं की सगळ्या साइटवरच्या कमांड निकामी होतात.

आता इव्हेंटमध्ये काय भरायचं. हेडर धरून एका इव्हेंटला ६४ केबीची मर्यादा आहे, आणि सेशनचा बफर (इव्हेंट तात्पुरते ठेवायची मेमरी) त्याहून लहान असेल तर मर्यादा तिथेच येते. त्यापलीकडचा इव्हेंट कापून लिहिला जात नाही, सरळ गळतो. अख्खं एक्सएमएल किंवा लांबलचक स्टॅक ट्रेस लिहिण्याची सवय असेल तर आधीच आखूड करा. मजकूर युनिकोड प्रकारातच ठेवा. विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय कोडपेज (युनिकोडपूर्वीचा अक्षरांचा तक्ता) नाहीच, त्यामुळे जुन्या सी प्लस प्लस मॉड्यूलने गावाचं नाव एएनएसआय स्ट्रिंगमधून पाठवलं की ट्रेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं यांतलं काहीही इव्हेंटमध्ये नको, नोंदीचा क्रमांक पुरतो. ट्रेसची फाइल एन्क्रिप्टेड नसते आणि ती ईमेलवरून फिरणारच आहे, हे धरून चाला.

बफरचा हिशेब करा. ईटीडब्ल्यू तुमच्या प्रोग्रॅमला थांबवून ठेवत नाही, मोकळा बफर मिळाला नाही तर इव्हेंट टाकून देतं. हा गुण आहे, पण त्यामुळेच ‘संदेश नाही म्हणजे घटना घडली नाही’ असं कधी धरू नका. ट्रेस फाइल वाचणाऱ्या ट्रेसआरपीटी या विंडोजच्या कमांडच्या सारांशात गळालेल्या इव्हेंटचा आकडा मिळतो. तो शून्य आहे का, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असा आमच्याकडे नियम आहे. ऐन गर्दीच्या तासाइतका भार चाचणीत निर्माण करा आणि आकडा शून्यावर येईपर्यंत बफरचा आकार आणि संख्या वाढवा.

परवानगीचं थोडक्यात: सेशन चालवायला ॲडमिन किंवा परफॉर्मन्स लॉग युजर्स गटातला माणूस लागतो. साइटवरचा तो माणूस आजच ठरवा. लॉगमॅनने चालू सेशनची यादीही काढून बघा, कारण संपूर्ण मशीनवर मूळ मर्यादा ६४ सेशनची आणि एका प्रोव्हायडरला एका वेळी ८ ची आहे. जुन्या पद्धतीच्या प्रोव्हायडरला तर एकच. अँटिव्हायरस आणि मॉनिटरिंगची साधनंही याच जागा वापरतात.

सगळंच ट्रेस फाइलमध्ये जायला हवं असंही नाही. ज्या थोड्या संदेशांवर साइटच्या माणसाने काहीतरी करायचं आहे ते इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲडमिन चॅनलला पाठवा, रोजच्या घडामोडी ऑपरेशनलला, आणि भरमसाट तपशील ॲनालिटिकला, जो मुळात बंदच असतो. त्यासाठी मॅनिफेस्टची, म्हणजे इव्हेंट आणि चॅनलचं वर्णन असलेल्या फाइलची, नोंदणी इन्स्टॉलरमध्येच घाला. संदेशांची डीएलएल अशा फोल्डरमध्ये हवी की जिथे लोकल सर्व्हिस खात्याला वाचता येईल, नाहीतर व्ह्यूअर वर्णन सापडत नसल्याचं सांगून मोकळा होतो. मशीन सुरू होतानाच अडखळणारी सर्व्हिस असेल तर ऑटोलॉगरची, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या सेशनची, रजिस्ट्री नोंदही तयार ठेवा. विंडोज ८.१ पासून एक्झिक्युटेबलचं नाव किंवा इव्हेंट आयडी यांवरूनही चाळता येतं. परफव्ह्यू या मायक्रोसॉफ्टच्या साधनात त्याची सोय आहे.

राहिली रंगीत तालीम. सुरू करण्याची आणि थांबवण्याची, अशा दोन बॅच फाइल बनवा आणि त्या नवख्या माणसाकडून चालवून घ्या. कमांडची खिडकी बंद केली किंवा लॉगऑफ केलं तरी सेशन चालूच राहतं, म्हणून सर्क्युलर फाइल आणि २०० एमबीची कमाल मर्यादा सुरू करण्याच्या कमांडमध्येच घाला. थांबवल्यावर तयार झालेली फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडा, छपाईचा मास्क लावला होता तर छपाईचेच संदेश आलेत का ते मोजा, आणि मग तोच प्रयोग उरलेल्या प्रत्येक कीवर्डवर करा.