पोराच्या नावावर एफडी करताय? या चुका टाळा

जळगाव असो, शहादा असो की साक्री, बँकेच्या काउंटरवर एक सल्ला फुकटात मिळतोच: “भाऊ, पोऱ्याच्या नावावर टाका, टॅक्सचं झंझटच नाही.” सांगणारा पुढच्या ग्राहकाकडे वळतो. ऐकणारा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात व्याजाचा दाखला मागत फिरतो.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ६४(१ए) प्रमाणे अज्ञान मुलाचं, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. एफडीचं व्याज, शेअरचा डिव्हिडंड, फंडातला नफा, मोडीत विकलेल्या सोन्याचा नफा, सगळं यात आलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले (खाली दिलेले जुन्या कायद्याचे आहेत), नियम तोच राहिला. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं.

“पैसे तर आजोबांनी दिलेत”

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि शिकलेल्या घरांतही दिसते. चोपडा तालुक्यातलं एक शिक्षक जोडपं घ्या. गुरुजींचा वर्षाचा पगार १२,६०,००० रुपये, बाईंचा ७ लाख. आजोबांनी केळीच्या पैशातून नातवाच्या नावावर ४ लाखांची एफडी केली. ७ टक्क्यांनी व्याज २८,००० रुपये. आजोबांनी नातवाला दिलेली भेट करमुक्त, इथवर बरोबर. पण त्या पैशावरचं व्याज करमुक्त नाही. ते आजोबांचं धरत नाहीत, नातवाचंही नाही. ते गुरुजींचं.

आता हिशोब बघा. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर गुरुजींचं उत्पन्न ११,८५,०००. कलम ८७ए ची सूट १२ लाखांपर्यंत, त्यामुळे कर शून्य. व्याज मिळवलं की उत्पन्न १२,१३,०००. स्लॅबने कर होतो ६१,९५०, पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेपुरता, म्हणजे १३,००० वर थांबतो. ४ टक्के उपकर धरून १३,५२०. अठ्ठावीस हजारांच्या व्याजातला जवळजवळ अर्धा गेला.

मग सुचतं, “बाईंच्या रिटर्नमध्ये दाखवू, त्यांना कर बसत नाही.” चालत नाही. कोणाचं उत्पन्न जास्त हे मुलाचं व्याज मिळवण्याआधी बघायचं आणि ते आपल्या सोयीने ठरत नाही. एकदा एका पालकाकडे धरलं की पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच. बदल करायला अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पतिपत्नींचा घटस्फोट झाला असेल तर मूल जो सांभाळतो त्याच्याकडे. आईवडील दोघंही हयात नसतील तर काका-मामांच्या उत्पन्नात काही मिळवायचं नाही, पालक म्हणून मुलाचं वेगळं रिटर्न भरायचं.

आणि “कोण बघतंय” हा युक्तिवाद सोडा. अज्ञानाच्या खात्याला बऱ्याचदा पालकाचा पॅन जोडलेला असतो, मग व्याज सरळ वडिलांच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, येऊन बसतं. नंतर अपडेटेड रिटर्न (मुदत गेल्यावर भरायचं सुधारित रिटर्न) भरायची वेळ आली तर करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याज यांच्यावर २५ टक्के जादा. माझ्या मते एफडी करायच्या आधी आईवडिलांचं करपात्र उत्पन्न कागदावर मांडावं. १२ लाखांच्या काठावर असाल तर ती एफडी आजोबांच्याच नावावर राहिलेली बरी.

दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्यात ती नाही. जुनी पाठांतरं विसरा.

पोराच्या नावाचा १५ जी

टीडीएस, म्हणजे बँक व्याजातूनच कापते तो कर, कापू नये म्हणून पोराच्या नावाचा १५ जी फॉर्म भरून देणारे पालक बघितले की हात जोडावेसे वाटतात. त्या फॉर्मवर सही करणारा असं लिहून देतो की हे उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कुणाच्याही उत्पन्नात मिळवायचं नाही. अज्ञानाचं व्याज नेमकं कलम ६४ मध्येच येतं. म्हणजे सही केली तीच खोटी. खोट्या घोषणेला कलम २७७ आहे, त्यात तुरुंगाची तरतूद आहे. फॉर्म न वाचता सही ठोकणाऱ्याची कीव तरी किती करायची?

सरळ मार्ग असा. बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं तर टीडीएस कापू द्या. नियम ३७बीए(२) प्रमाणे बँकेला आधीच लिहून द्या की हे व्याज अमुक पालकाच्या उत्पन्नात मिळवायचं आहे. सोबत त्याचं नाव, पत्ता, पॅन. मग टीडीएसचा दाखला त्याच्याच नावाने निघतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. पतसंस्थेने टीडीएस कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही, हेही लक्षात असू द्या.

अहिराणी गाण्यांचं मानधन

मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलं तर ते आईवडिलांत मिळवत नाहीत. बारा वर्षांची मुलगी अहिराणी गाणी म्हणते, कार्यक्रमाचं मानधन मिळतं, तर ते तिचं. पण त्याच मानधनाची एफडी केली की व्याज पुन्हा पालकाचं. त्यासाठी मानधनाचं खातं आणि एफडी वेगळी ठेवावी, हिशोब एकमेकांत गुंतू देऊ नये. कलम ८०यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं कुठलंच उत्पन्न पालकाकडे जात नाही.

अठरावा वाढदिवस

त्या वर्षी व्याजाचे दोन तुकडे पडतात. मुलगा १० नोव्हेंबरला १८ चा झाला, वर्षाचं व्याज २८,०००; तर १ एप्रिल ते ९ नोव्हेंबर या २२३ दिवसांचे १७,१०७ वडिलांकडे, उरलेले १०,८९३ मुलाकडे. बँकेकडून तारीखवार व्याजाचा उतारा मागवा, तिमाहीच्या दाखल्यावर हे जमत नाही. पॅनचा नंबर तोच ठेवून कार्ड नवं काढा, अज्ञानाच्या कार्डावर फोटो नसतो. म्युच्युअल फंडाचा फोलिओ, म्हणजे खातं, तर १८ पूर्ण झाले की कागद देईपर्यंत अडकतो.

१८ नंतर मात्र मुलाचं उत्पन्न मुलाचंच. जळगावात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला वडिलांनी पैसे दिले आणि त्याने एफडी केली, तर व्याज त्याचं. टीडीएस कापला असेल तर त्याने रिटर्न भरून परत मागावा. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे, ती व्याजात मिसळू नका.

बारीकसारीक, पण महागात पडणारं

सातबारावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालक कर्ता) असेल आणि शेत बटाईने किंवा नफ्याने दिलं असेल, तरी ते शेतीउत्पन्न पालकाच्या कराचा दर ठरवताना धरावं लागतं. शेतीउत्पन्न ५,००० च्या वर गेलं की याचा फरक पडतो.

बारशाला, जावळाला मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेलं करमुक्त. वडिलांचे मित्र, व्यापारी, चुलत-मामेभावंडं यांच्याकडून वर्षाला मिळून ५०,००० च्या वर आलं तर सगळीच रक्कम करपात्र, आणि तीही पालकाकडे. सूट लग्नाच्या आहेराला आहे, बारशाला नाही. आहेराची वही फेकू नका.

मुलाचं पीपीएफ आणि पालकाचं स्वतःचं, दोन्ही मिळून वर्षाला १.५ लाख. वर भरलेल्या रकमेला व्याजच मिळत नाही. सुकन्या समृद्धीचं व्याज करमुक्त, तिथे मिळवण्याचा प्रश्नच नाही.

आयटीआर-२ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये एसपीआय नावाचं वेगळं शेड्यूल (तक्ता) आहे. मुलाचं नाव, नातं, रक्कम तिथे टाका. नुसतं “इतर व्याज” मध्ये ढकललं तर तीन वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही ते कुठून आलं.