ग्रुपने मिळून आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचं किट डिझाइन करताय? या चुका टाळा

गाडी जोडून झाली, बॅटरी लावली, सगळे गोल करून बसले, ट्रिगर दाबला आणि बघतात तर पुढची चाकं पुढं फिरतायत आणि मागची मागं. फोरव्हील ड्राइव्ह स्वतः डिझाइन करणाऱ्या ग्रुपमध्ये हे हमखास होतं. मग लगेच मोटारच्या वायरी उलटसुलट करून बघतात, ईएससीचं (मोटारचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचं) सेटिंग बदलतात, पण दोष तिथं नसतोच, तो डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) असतो. मधला शाफ्ट एकाच दिशेनं फिरतो, पण मागच्या गिअरबॉक्समध्ये तो पुढून शिरतो आणि पुढच्यात मागून, त्यामुळे एका बॉक्समध्ये रिंग गिअर (डिफवरची मोठी गिअर) डावीकडे असेल तर दुसऱ्यात ती उजवीकडेच पाहिजे. दोन्हीकडे एकाच बाजूला आली की चाकं एकमेकांविरुद्ध फिरणार म्हणजे फिरणारच. केस दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर डिफ काढून उलटा बसवा, झालं काम. नसेल तर कॅडमध्ये (कंप्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये) जाऊन बघा, कुणीतरी मागचा बॉक्स उचलून पुढच्यासाठी मिरर, म्हणजे आरशातली उलटी कॉपी, मारलेला असतो. मिरर मारायचा नाही, तोच बॉक्स १८० अंशात फिरवायचा, मग रिंग गिअर आपोआप दुसऱ्या बाजूला जाते आणि वर दोन्हीकडे एकच पार्ट चालतो म्हणजे किटमध्ये वेगळा साचा, वेगळा स्पेअर काही लागत नाही.

हे पहिलं घेतलं कारण ग्रुपच्या जवळपास सगळ्या चुका याच जातीच्या असतात. पुढचा बॉक्स करणाऱ्याचं काम बरोबर, मागचा करणाऱ्याचंही बरोबर, पण दोघांच्या मधली जागा कुणाकडेच दिलेली नसते आणि गाडी तिथंच बिघडते. माझ्या मते किटचं डिझाइन म्हणजे पार्टचं डिझाइन नाहीच, पार्ट जिथं एकमेकाला भेटतात त्या जागांचं डिझाइन आहे.

आधी एक पान, मग कॅड

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी आपापल्या लॅपटॉपवर सुरू करणं. एकाने चेसिस, एकाने सस्पेन्शन, एकाने स्टिअरिंग, आणि मापं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवायची. फोटोत ४२ मिमी लिहिलंय पण कुठून ४२, चेसिसच्या कडेपासून की एक्सलच्या मध्यापासून? प्रत्येक जण आपल्या सोयीचं धरतो. म्हणून आधी शून्य ठरवा. चेसिसची मधली रेघ एक आणि मागच्या एक्सलची मधली रेघ दुसरी, सगळी मापं इथूनच सांगायची.

मग एका पानावर नुसते जोड लिहा. १/१० स्केलची ऑनरोड गाडी करत असाल तर व्हीलबेस २५७ मिमी धरा, टामियाची टीटी-०२ याच मापाची आहे आणि बाजारात मिळणाऱ्या १९० मिमी रुंदीच्या बऱ्याच बॉडी या व्हीलबेसवर बसतात. चाकाला १२ मिमीचा हेक्स (चाक बसतं तो षटकोनी तुकडा), स्क्रू सगळीकडे एम३ (३ मिमी जाडीचे), मोटार ५४० साइझ म्हणजे तिच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर २५ मिमी. हे आकडे आपण नव्याने शोधायचे नसतात, जग जे वापरतं ते घ्यायचं, नाहीतर उद्या टायर फाटला तर किट घेणाऱ्याने काय करायचं?

बेअरिंगचं तर मुद्दाम सांगतो. आरसीत ५ बाय १० बाय ४ आणि ५ बाय ११ बाय ४ अशी दोन्ही मापं (आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिमीत) चालतात आणि हातात घेतली तर फरक कळत नाही. नकल (चाक धरणारा पार्ट) करणाऱ्याने १० चं भोक ठेवलं आणि सामान आणणाऱ्याने ११ ची बेअरिंगं मागवली की आख्खा लॉट वाया. आपल्या सोलापुरात बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळतं ते ६०८, पण ते ८ बाय २२ बाय ७ चं, एवढ्या गाडीच्या नकलमध्ये त्याला जागाच नाही, त्यामुळे "इथलं मिळेल ते बसवू" हे चाकाच्या बाबतीत चालत नाही. आणि मेटल कव्हरच्या ऐवजी रबर सीलवाली घ्या. आपली काळी माती वाळली की इतकी बारीक धूळ होते की मेटल कव्हरच्या फटीतून आरामात आत जाते आणि थोडे दिवस झाले की चाक हाताने फिरवलं तरी खरखर लागते.

फाइलचे घोळ

थ्रीडी प्रिंटिंगच्या एसटीएल फाइलमध्ये नुसते त्रिकोण असतात, माप इंचात की मिलिमीटरमध्ये हे त्यात लिहिलेलं नसतं. पार्ट स्लायसरमध्ये (प्रिंटसाठी पार्टचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मुंगीएवढा दिसला तर २५.४ ने गुणा, उत्तर तिथंच आहे. पण मुळात ग्रुपमध्ये एकमेकांना एसटीएल द्यायचीच नाही, ती फक्त प्रिंटरसाठी. आपसात स्टेप फाइल द्या म्हणजे फ्रीकॅड वापरणारा आणि फ्यूजन वापरणारा दोघंही भोकाचा व्यास धड मोजू शकतील.

नावात "फायनल" हा शब्द बंद. पार्टचं नाव, व्हर्जन नंबर, तारीख, बस. आणि व्हर्जन नंबर पार्टवरच कोरा, अर्धा मिमी खोल पुरे, कुठल्यातरी न दिसणाऱ्या बाजूला. टेबलावर एकसारखे दिसणारे सस्पेन्शनचे आर्म पडलेले असतात आणि कुठला नवा कुठला जुना यावर वाद होतो, तो यानं मिटतो.

दुसऱ्या कुणाचा पार्ट नेटवरून घेतला असेल तर त्याचं लायसन्स आत्ताच बघा. नॉन-कमर्शियल असेल तर मित्रांपुरतं ठीक आहे, पण किट विकायला काढलं की तो पार्ट चालणार नाही आणि तेव्हा त्याच्याभोवतीचं सगळं परत करावं लागेल. स्वीडनच्या डॅनियल नोरेनं ओपनआरसी नावाचा प्रोजेक्ट चालू केला, त्यातून जगभरच्या लोकांनी पार्ट सुधारत नेले, तो जरूर बघा, शिकायला भरपूर आहे.

एकच फाइल जुळे सोलापुरातल्या प्रिंटरवर आणि अशोक चौकातल्या प्रिंटरवर काढली तर दोन वेगळे पार्ट येतात, हे पण धरून चाला. ३ मिमीचं भोक कुठं २.८ येतं, कुठं २.९. म्हणून प्रत्येकाने एक छोटी पट्टी प्रिंट करायची, त्यात ३.०, ३.१, ३.२, ३.३ अशी भोकं, एम३ स्क्रू कशात सहज जातो आणि कशात घट्ट धरतो ते त्या पट्टीवरच मार्करने लिहायचं. शिवाय पहिला थर थोडा बाहेर पसरतो, त्यामुळे चेसिसला टेकणारी कड तासल्याशिवाय पार्ट सपाट बसत नाही.

सोलापूरचं ऊन आणि पीएलए

पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक) साधारण ६० डिग्रीला मऊ पडायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावलीतच चाळीसच्या वर पारा असतो, मग गाडी बंद कारमध्ये काचेखाली ठेवली तर काय होईल बघा. पण ऊन हा अर्धाच भाग झाला. खरी गंमत मोटारपाशी आहे, ५४० मोटार दाबून पळवली की तिचं अंग सहज ६० च्या वर जातं, म्हणजे पीएलएचा मोटारमाउंट डिसेंबरमध्ये सुद्धा ढिला पडू शकतो. आणि तो असा ढिला पडतो की डोळ्याला दिसत नाही. माउंट थोडासा वाकतो, पिनियन (मोटारवरची छोटी गिअर) स्परपासून (तिच्याशी जुळणाऱ्या मोठ्या गिअरपासून) किंचित लांब जातो, दात नुसते टोकाला धरतात, आणि मग कर्रर्र आवाज येऊन स्परचे दात साफ. लोक म्हणतात स्परच कच्चा, दुसरा आणतात, तोही जातो. तर स्पर जातोय म्हणजे आधी माउंट बघा, गाडी गरम असतानाच मोटार धरून हलवा, थंड झाल्यावर काही सापडत नाही.

उपाय सोपा आहे, माउंट अ‍ॅल्युमिनियमचा करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, ३-४ मिमी पट्टीतून असा तुकडा काढणं त्यांना काहीच अवघड नाही, मोटारची उष्णता पण त्या पट्टीतून बाहेर जाते. फक्त ड्रॉइंग नीट द्या, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) लिहून. आणि तिथं गेलात तर एखाद्या जुन्या जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला) गिअरबॉक्स दाखवा, शाफ्टमध्ये किती प्ले चालतो आणि किती नाही हे तो बोटानं हलवून सांगेल. ही माणसं आपल्या गावात आहेत हा आपला मोठा फायदा आहे, आणि आरसीवाले त्यांच्याकडे जातच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाकी पार्टसाठी पीईटीजी हे प्लॅस्टिक बरं, साधारण ८० डिग्रीपर्यंत धरतं. सस्पेन्शन आर्म उभा प्रिंट करू नका, थर आडवे येतात आणि पहिल्याच धडकेत थराच्या रेघेवर तुटतो, झोपवूनच काढा.

गिअर

मॉड आणि पिच ही गिअरच्या दातांच्या आकाराची मापं. मॉड ०.६ आणि ४८ पिच हे एकमेकात चालत नाहीत. दिसायला जवळजवळ सारखे, पण ४८ पिच म्हणजे मॉड ०.५३ च्या आसपास. टामियाच्या बऱ्याच गाड्या मॉड ०.६ च्या, इतर कितीतरी ४८ पिचच्या, आणि पुण्यातून बुधवार पेठेतून कुणीतरी जाताना-येताना पिनियन आणतो तो तिसराच. पानावर एकच लिहा. ३२ पिच मात्र मॉड ०.८ च्या अगदी जवळ आहे, तिथं भागतं.

मोटारची भोकं गोल ठेवणं ही दुसरी चूक. मॉड ०.६ मध्ये २२ दातांचा पिनियन आणि ७० चा स्पर असेल तर मध्यातून मध्य २७.६ मिमी, पण कुणी १८ चा लावणार, कुणी २६ चा, त्यात हे अंतर २.४ मिमीनं बदलतं. एवढा स्लॉट द्यायलाच पाहिजे. मेश (दातांची पकड) लावताना दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटार दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घड्या आल्या पण फाटली नाही म्हणजे बरोबर, फाटली तर फार घट्ट. आणि मोटारला लांब स्क्रू लावू नका, आत वाइंडिंगला टेकला तर मोटार गेली.

वळवलं की गाडी गचकते

लक्षण असं की सरळ पळते, स्टिअरिंग मारलं की क्षणभर मरते आणि परत चालू होते. रेंजचा प्रॉब्लेम समजून लोक रिसीव्हर बदलतात. पण स्वस्त ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला करंट देणारा भाग) १-२ अँपियरचा आणि एमजी९९६आर सारखा सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटार) अडकला की अडीच अँपियरपर्यंत ओढतो, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर रीस्टार्ट होतो. खात्री करायची तर चाकं हवेत धरून ट्रिगर थोडा दाबून ठेवा आणि स्टिअरिंग टोकापर्यंत मारा, रिसीव्हरचा दिवा विझला की पकडलंच. वेगळा बीईसी लावा, आणि लावताना ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल वायर काढून ठेवा.

टोकाला सर्व्हो घुं घुं करत असेल तर तो कुठंतरी आपटतोय, ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्व्हो किती लांब फिरेल ती हद्द) कमी करा. गाडी एका बाजूला जास्त वळते ते बहुतेक हॉर्न (सर्व्होवरचा छोटा दांडा) आधी बसवल्यामुळे, आधी रिसीव्हर चालू करून, ट्रिम शून्यावर ठेवून सर्व्हो मध्यावर आणायचा, मग हॉर्न. आणि २५ दातांच्या सर्व्होला २३ दातांचा हॉर्न ठोकून बसवू नका, किटच्या यादीत दातांची संख्या लिहाच.

ड्रोनचा ईएससी स्वस्तात मिळतो म्हणून घेतात, तो बहुतेक वेळा ना रिव्हर्स देतो ना गाडीसारखा ब्रेक. जुन्या लॅपटॉपच्या सेलचं पॅक पण नको, एवढा करंट ते देऊच शकत नाहीत. लिपो बॅटरी घ्या, सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवा, पळवून गरम झालेली लगेच चार्जला लावू नका आणि चार्जिंग चालू असताना घरातून निघून जाऊ नका. उन्हाळ्यात स्कूटीच्या डिक्कीत तर अजिबात नाही. फुगलेली बॅटरी म्हणजे संपली, तिच्यावर कसलेही प्रयोग नकोत, घरात लहान मुलं असतात.

स्क्रू

थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथं. प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिक तडकतं, आणि ती तडक त्या दिवशी नाही, नंतर कधीतरी मैदानात दिसते. सारखा उघडायचा स्क्रू असेल तिथं आत आटे असलेला पितळी इन्सर्ट गरम करून बसवा.

किट दुसऱ्याच्या हातात द्या

ग्रुपमधल्या सगळ्यांना गाडी जोडता येते, त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यांना ती तोंडपाठ असते. डिझाइनमध्ये नसलेल्या एखाद्याला पुड्या, स्क्रूची पिशवी आणि जोडणीचं पान द्या, शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. तो जिथं थांबतो, पान उलटं धरून बघतो, ८ मिमीच्या जागी १० मिमीचा स्क्रू घालतो, तिथं तिथं खूण करा. त्याचं चुकलं असं म्हणायचं नाही, तिथं पार्ट असा बदला की तो उलटा बसूच शकणार नाही, किंवा दोन्ही जागी एकाच लांबीचा स्क्रू करा. असं करत किटमध्ये जितक्या कमी लांबीचे स्क्रू राहतील तितकं चांगलं, आणि प्रत्येक लांबीचे दोन-तीन जास्तीचे टाका. मग चाचणीला होम मैदानावर जा, पण जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरलेली असते तेव्हा तिथं जागा नसते, त्या हिशोबानं तारीख धरा आणि पहिल्या दिवशी स्पेअर आर्म, एक स्पर आणि कागदाची पट्टी सोबत न्या.