झोप की गुंगी? छातीच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

आमच्या वॉर्डात नवीन पोस्टिंग आलं की मी आधी टीपीआर चार्टची (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींची) फाइल हातात देते आणि सांगते, रेस्पिरेशनचा रकाना वाच. २०, २०, २०, २०. मध्येच एखादा १८, तोही लिहिणाऱ्याला लाज वाटली म्हणून. न्यूमोनियाचा माणूस धापा टाकतोय आणि चार्टवर मात्र अख्खा वॉर्ड मिनिटाला वीस श्वास घेतोय. मीही हेच करत होते. जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) तीन वर्षं झाली, रजिस्ट्रेशन झालं, जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी लागली आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात पहिल्याच आठवड्यात कळलं की सगळ्यांचे श्वास मोजत बसलं तर इंजेक्शनं कधी द्यायची! मग नाडी बघायची, बीपी घ्यायचं, श्वासाच्या जागी २० टाकायचे आणि पुढच्या खाटेकडे सरकायचं.

हे का चालत नाही ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

नाईट होती. भिंतीकडेच्या खाटेवर पासष्टीचे एक आजोबा होते. तीस-पस्तीस वर्षं बिडी ओढलेली, सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, जुना पेशंट. तीन रात्री आडवे झाले नव्हते, मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसायचे. नाकात नळी, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८. त्यांचा मुलगा मॉनिटरवरून नजर काढत नव्हता. “सिस्टर, शेजारच्यांचं ९८ आहे, आमच्या अण्णांचं वाढतच नाही.” चार वेळा म्हणाला. पाचव्या वेळी मी नळी काढली, मास्क लावला आणि फ्लोमीटरचा गोळा आठवर नेला. दहा मिनिटांत ९७. मुलाने हात जोडले. दीडच्या सुमारास अण्णा उशीला टेकले आणि झोपले. मी मावशींना म्हटलं, त्यांना उठवू नका, आज कुठे डोळा लागलाय.

चार वाजता अँटिबायोटिक द्यायला गेले. हाक मारली, हलवलं, डोळे अर्धे उघडून परत मिटले. तळहात गरम आणि घामेजलेले, नाडी टणाटण उडत होती. जरा उठवून हात पुढे धरायला लावले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. मग एकदाचे श्वास मोजले. मिनिटाला नऊ. मॉनिटरवर ९८.

रेसिडेंट डॉक्टर धावत आले, एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायूंसाठीची तपासणी, पाठवला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मध्ये असायला हवा, तो ऐंशीच्या पुढे. बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन) लावला, मास्क बदलला, सकाळपर्यंत अण्णा शिव्या द्यायला लागले आणि माझ्या जिवात जीव आला. अकराव्या दिवशी ते चालत घरी गेले. मी लेखी खुलासा दिला.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच नोट्समध्ये ‘हायपॉक्सिक ड्राइव्ह जातो’ (ऑक्सिजन कमी असल्यामुळे श्वास घ्यायला लावणारी प्रेरणा जाते) एवढ्या एका ओळीत ते गुंडाळलेलं असतं. सीओपीडीच्या फुफ्फुसात काही भागांत हवा पोहोचतच नाही. शरीर हुशार असतं, अशा भागांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. आपण भसाभस ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या सैल होतात, रक्त पुन्हा निकामी भागात फिरायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूला गुंगी आणतो. बोटाला लावलेली क्लिप फक्त ऑक्सिजन बघते, तिला या भानगडीचा पत्ताच नसतो.

म्हणून अशा पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं. बाकी बहुतेकांचं ९४ ते ९८. ॲडमिशनच्या वेळीच डॉक्टरांकडून हे टार्गेट केसपेपरवर लिहून घ्या आणि नातेवाइकांना तेव्हाच सांगून ठेवा की यांच्यासाठी ९० म्हणजे उत्तम. रात्री दोन वाजता समजावत बसण्यापेक्षा ते सोपं जातं.

माझा किस्सा ऐकून एक ब्रदर इतका घाबरला की निळ्या पडलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावू का म्हणून विचारायला आला. लावायचा. सॅच्युरेशन सत्तरवर असेल तर आधी ऑक्सिजन, मग डॉक्टर, मग हिशेब. आणि जास्त गेलाय असं लक्षात आलं तर एकदम काढून टाकायचा नाही, तसं केलं तर सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं. टप्प्याने कमी करायचा, बहुतेक वेळा व्हेंचुरी मास्कवर (ठरलेल्या टक्क्यांचाच ऑक्सिजन देणाऱ्या) घेऊन.

व्हेंचुरीचे रंग पाठ करा. निळा २४ टक्के, पांढरा २८, नारिंगी ३१, पिवळा ३५, लाल ४०, हिरवा ६०. कुठल्या रंगाला किती लिटर ते त्या प्लास्टिकवरच छापलेलं असतं, वाचत मात्र कोणी नाही. नाकातली नळी साधारण सहा लिटरपर्यंत. साधा मास्क पाच लिटरच्या खाली चालवू नका, पेशंट स्वतःचीच सोडलेली हवा परत ओढतो. पिशवीवाला मास्क लावण्याआधी आतली झडप बोटाने दाबून पिशवी फुगवून घ्या, आणि दर श्वासाला ती पार चपटी होत असेल तर फ्लो वाढवा. फ्लोमीटर वाचताना गोळ्याचा मध्य बघायचा, वरचा काठ नाही. या फुटकळ गोष्टी, पण ओव्हर (ड्युटीचा चार्ज) घेताना मी अजूनही खाटेजवळ जाऊन ह्याच बघते.

आता श्वास मोजण्याबद्दल. पेशंटला सांगून मोजलं की तो श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवा, तोच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. १२ ते २० नॉर्मल. २५ च्या वर गेला तर कळवायचंच, सॅच्युरेशन चांगलं असलं तरी. सॅच्युरेशन बऱ्याचदा सगळ्यात शेवटी पडतं, तोवर माणूस जास्त श्वास घेऊन घेऊन ते टिकवून धरत असतो. त्याच मिनिटात मान बघा, गळ्याचे स्नायू ओढले जातायत का. नाव-गाव विचारा. “माझं... गाव... वाई...” असं तुटक येत असेल तर तीच तुमची तपासणी. आणि दम्याच्या पेशंटच्या छातीतली घरघर अचानक बंद झाली, पण चेहरा तसाच घाबरलेला असेल, तर खूश होऊ नका. हवाच आत-बाहेर होत नसल्यामुळे आवाज थांबलेला असू शकतो. तिथे डॉक्टरांना पळत बोलवायचं.

आकडा कमी दिसला की बोटही बघा. लग्नाच्या सीझनमध्ये मेंदीची बोटं येतात, नेलपॉलिश असतं, थंडीत हात गार पडलेले असतात. बोट चोळा, दुसरं बोट घ्या, कानाची पाळी घ्या.

दम लागलेल्या माणसाला झोपवू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कार्डिॲक टेबल (खाटेवर पुढे टेकायचं टेबल) वॉर्डात दोन आणि दम लागलेले बारा. मग लॉकर ओढून त्यावर दोन उश्या ठेवायच्या आणि कोपरं टेकून पुढे वाकवून बसवायचं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवा. मी सगळ्यांना “गरम चहावर फुंकर घाला” म्हणते. एका पेशंट मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “फुंकणीवानी?” त्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, पण सात-आठ वर्षांच्या असल्यापासून चुलीपुढे बसलेल्या. हिस्टरी घेताना बाईला फक्त “तंबाखू, बिडी?” विचारून पुढे जाऊ नका. घरात चूल आहे का, धूर बाहेर जातो का, तेही विचारा. त्यांना मी म्हटलं, फुंकणीइतका जोर नको, सोडताना ओढण्याच्या दुप्पट वेळ लागला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या खाटेला शिकवत होत्या.

इन्हेलरचं मात्र मला अजून वाईट वाटतं, कारण ती चूक आपली असते. “औषध घेता का?” “हो, रोज दोन कॅप्सूल.” “दाखवा कसं घेता.” आणि काका रोटाकॅप (रोटाहेलरमध्ये घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) जिभेवर ठेवून पाण्याचा तांब्या उचलतात! वर्षभर गिळत होते आणि दर दोन महिन्यांनी ॲडमिट होत होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. करून घेतलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी करून घ्या आणि डिस्चार्जला परत बघा. रोटाहेलर जोरात आणि भरभर ओढायचा. स्प्रेचा पंप मात्र उलट, हलवून, सावकाश ओढायचा, शक्यतो स्पेसर लावून. दोन्हींत श्वास दहा सेकंद धरायचा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. नेब्युलायझेशनला पेशंट ‘वाफ’ म्हणतात, म्हणू द्या, पण त्यानंतर छाती धडधडली, हात थरथरले तर ते त्यातल्या सालब्युटामॉल या औषधामुळे, हे आधी सांगून ठेवा. सीओपीडीवाल्याची वाफ जमेल तिथे हवेच्या मशीनवर द्या, ऑक्सिजनवर नाही.

सीटीला न्यायचं असेल तर गणित करून निघा. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. काटा अर्ध्यावर, म्हणजे ७५०. दहा लिटरने ७५ मिनिटं. सीटीची रांग, बंद लिफ्ट आणि स्ट्रेचर ढकलणारे मामा जेवायला गेलेले, हे धरलं तर ७५ मिनिटं काहीच नाहीत. सिलिंडरची चावी जाम झाली म्हणून तेल लावणारे महाभाग मी पाहिलेत. ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस म्हणजे आगीला आमंत्रण.

आयसीडीची (छातीत घातलेल्या नळीची) बाटली स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर ठेवून निघतात, ती आधी खाली घ्या. कायम छातीच्या खाली. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतंय ना ते बघा, थांबलं तर नळी दबली किंवा चोंदली असेल, किंवा फुफ्फुस पूर्ण फुललं असेल. बुडबुडे येत असलेली नळी प्रवासात क्लॅम्प करू नका, अडकलेली हवा फुफ्फुस दाबते.

टीबीची भीती सगळ्यांना वाटते, घरच्यांना तुमच्यापेक्षा जास्त. माझ्या आईने वर्षभर माझा डबा वेगळा घासला. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. तुम्हाला एन-९५, पेशंटला साधा मास्क. उलटं करू नका. बेडका बंद खोलीत किंवा बाथरूममध्ये काढायला लावू नका, मोकळ्यावर काढायला सांगा. तपासणीला सकाळचा, खोल खोकून आलेला पाहिजे, नुसती थुंकी नको. गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी होते, हे पहिल्या डोसलाच सांगा, रक्त जातंय समजून गोळ्या सोडणारे आहेत. निक्षय पोषण या सरकारी योजनेचे टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. “सिस्टर, पैसे कधी येणार?” हा प्रश्न तुम्हालाच येणार, तेव्हा बँक पासबुकची झेरॉक्स घेतली गेली आहे का ते बघून ठेवा.

पहिल्या दिवशी येताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणा, मोबाइल सारखा खिशातून काढता येत नाही. आणि हिवाळ्यात नाईट लागली तर स्वेटर. हवा खेळती राहावी म्हणून आमच्या खिडक्या रात्रीही उघड्या असतात.