लंडनला निघालात? बाबासाहेबांच्या घरापर्यंत पोहोचायचं असेल तर या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या लातूरचे एक निवृत्त मास्तर ग्रुप टूरने लंडनला जाऊन आले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला माणूस. टॉवर ब्रिज पाहिला, बकिंगहॅम पॅलेस बाहेरून पाहिला, लंडन आयमध्ये बसले. पण १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड राहूनच गेलं. टूरच्या कार्यक्रमात ते नव्हतं. मोकळा अर्धा दिवस होता, पण हॉटेलातून आपलं आपण निघायचा धीर झाला नाही. परत आल्यावर म्हणाले, “सर, एवढ्या लांब जाऊन त्या दारापर्यंत गेलो नाही.” त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून ओळखीचं कुणी लंडनला निघालं की मी कागद-पेन घेऊन बसतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलेलं ते घर आज स्मारक आहे. तिथे जाणं अवघड नाही. अवघड होतं ते चार-सहा महिने आधी इथे बसून केलेल्या चुकांमुळे.

पैसे भरल्यावर कार्यक्रम वाचणं

टूरचं माहितीपत्रक आधी वाचा, आगाऊ रक्कम नंतर भरा. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बस थांबणार, तुम्ही उतरून फोटो काढणार आणि पुन्हा बसमध्ये. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बसच्या खिडकीतून शहर. आत जायचं असेल तर प्रवेश समाविष्ट आहे, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हॉटेलच्या नावापुढे नुसतं ‘लंडन’ असेल तर परिसर कोणता, जवळचं ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) स्टेशन कोणतं, हे विचारा. ग्रुप टूरची हॉटेलं पुष्कळदा हीथ्रो विमानतळाच्या बाजूला असतात आणि तिथून मध्य लंडनला ट्यूबने यायला जवळपास तास लागतो. मोकळा वेळ दुपारी तीननंतर मिळणार असेल तर तो मोकळा वेळ नावापुरताच. बुकिंगच्या वेळीच सांगा की आम्हाला एक पूर्ण सकाळ हवी. स्मारक कोणत्या दिवशी, किती वाजता उघडतं तेही तेव्हाच बघून घ्या.

शेतकऱ्याच्या कागदांची चूक

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या लोकांचे अर्ज इथेच अडतात.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने बऱ्याच घरांत विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. त्यामुळे व्हिसाच्या फाइलला फक्त बँकेचं स्टेटमेंट जोडलं जातं, आणि त्यात वर्षभर आठ-दहा हजारांची उलाढाल दिसते. मग कुणीतरी सल्ला देतो की शिल्लक दाखवायला पाहिजे, जावयाकडून तीन लाख खात्यावर घ्या. नेमकी हीच मोठी चूक. पैसा आला कुठून, हे कागदावर दिसत नसेल तर तो पैसा तुमच्या बाजूने बोलत नाही, उलट शंका निर्माण करतो. त्यापेक्षा मोंढ्यावर सोयाबीन, तूर घातल्याच्या आडत्याच्या पट्ट्या जपून ठेवा. पट्टीची तारीख, रक्कम आणि खात्यावरची जमा जुळली की दिवाळीच्या आसपास एकदम वाढलेल्या रकमेचा खुलासा आपोआप होतो. जोडीला सातबारा आणि आठ-अ लावा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लावा.

हे सगळे कागद मराठीत असतात. ब्रिटनच्या व्हिसाला इंग्रजी भाषांतर लागतं, तेही प्रमाणित. भाषांतर अचूक असल्याचा शेरा, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क त्यावर हवा. नातवाने घरी टाइप केलेला कागद त्या जागी चालत नाही.

नावाचं बघा. शाळेच्या दाखल्यावर ‘कोंडिबा’, आधारवर ‘कोंडीराम’, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, असे प्रकार मी पाहिले आहेत. बायकांचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव हा आणखी एक घोळ. जन्मतारखेचं तर काय सांगावं! मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली १ जून एका कागदावर आणि खरी तारीख दुसऱ्यावर. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जावर गेलं पाहिजे. पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल तर ते काम टूर ठरवण्याआधी उरका.

लंडनबरोबर पॅरिस-स्वित्झर्लंडही असेल तर व्हिसे दोन. ब्रिटनचा वेगळा, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) वेगळा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, शेंगेनचा सहा महिने आधी. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि तिथून निघाल्यानंतर पुढे किमान तीन महिने चालणारा हवा. दोन्ही व्हिसांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे पुण्या-मुंबईची खेप आली. मृगाच्या आत घरी परतायचं म्हणून आपले लोक मे महिनाच धरतात, आणि गर्दीही तेव्हाच असते. त्यामुळे कागदांची जुळवाजुळव संक्रांतीच्या आसपास सुरू झाली पाहिजे.

टूरच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, पण विवरणपत्र भरल्याशिवाय परतही मिळत नाही. ते भरा.

मुंबईपर्यंतच्या दोन चुका

तिकिटावर ‘१५ मे, १.४०’ असेल तर तुम्हाला विमानतळावर १४ मेच्या रात्री असायचं आहे. पंधराची रात्र धरून बसलेल्या एका कुटुंबाला मी ऐन वेळी फोन करून हलवलं होतं. आणि रेल्वेने त्याच दिवशी मुंबईत उतरून विमान गाठायचा बेत करू नका. गाडी उशिरा आली तर विमान थांबत नाही. एक दिवस आधी जा.

सामानात तूप, खवा, कुंथलगिरीचा पेढा ठेवू नका. ब्रिटनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत नीट बांधून न्या, चार दिवस जिभेला आधार होतो. नवे बूट मात्र नकोत. महिनाभर घालून मऊ झालेलेच घाला.

ट्यूबमध्ये होणाऱ्या चुका

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ट्यूबला आणि बसला तिथलं ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) किंवा आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस, म्हणजे यंत्राला नुसतं टेकवायचं कार्ड चालतं. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस घेतात. रुपे कार्डाच्या भरवशावर निघू नका. शिवाय आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही बंद ठेवलेले असू शकतात. ते बँकेच्या अ‍ॅपमधून इथेच चालू करा, नाहीतर ऐन फाटकाशी लाल दिवा लागतो.

नवरा-बायकोत एकच कार्ड चालत नाही. माणशी एक कार्ड. आत जाताना जे टेकवलं, बाहेर पडताना तेच टेकवायचं. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन असं केलं तर यंत्रणेला ते दोन अर्धवट प्रवास वाटतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवा. दिवसभरात ठरावीक मर्यादेपुढे भाडं कापत नाहीत, तेव्हा बस की ट्यूब याची फार काळजी करू नका.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. डावी बाजू घाईत चालणाऱ्यांसाठी असते.

आता प्रत्यक्ष वाट. हीथ्रोकडून गडद निळी पिकॅडिली लाइन पकडून लेस्टर स्क्वेअरला उतरा. तिथे काळ्या रंगाच्या नॉर्दर्न लाइनवर, उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर जा. सातवं स्टेशन चॉक फार्म. पण फलाटावर आली ती गाडी पकडली, ही सगळ्यांची चूक. ही लाइन कॅम्डन टाउनला फुटते. चॉक फार्मला फक्त एजवेअरकडे जाणारी गाडी थांबते. पाटीवर हाय बार्नेट असेल तर सोडून द्या. चुकून बसलातच आणि केंटिश टाउन आलं, तर घाबरू नका. उतरा, उलट्या दिशेने एक स्टेशन मागे कॅम्डन टाउनला या आणि तिथून एजवेअरची गाडी घ्या. फाटकाबाहेर पडला नाहीत तर दंड-बिंड काही नाही. चॉक फार्मला वर यायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही जावं. तिथून ते घर पायी दहा मिनिटांच्या आत. भिंतीवर निळी गोल पाटी दिसली की पोहोचलात.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असते. सकाळी हॉटेलातून निघण्याआधी फोनवर बघा. २५ डिसेंबरला तर ट्यूब आणि बस दोन्ही बंद असतात.

चुकामूक झाली तर

गाडीचं दार लागलं, चौघे आत आणि एक जण फलाटावर. यावरचा ठराव घरूनच पाठ करून जा: मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीत बसायचं, पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनच्या फलाटावर उतरून थांबायचं. मात्र मागच्याने ती गाडी त्याच फाट्याची आहे ना, एवढं पाहायचं. फोन लागेलच असं धरू नका. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि उतरायच्या स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी हवी, इंग्रजीतही आणि मराठीतही.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग ऑल्डविचला इंडिया हाउसमध्ये आपल्या उच्चायुक्तालयात. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवल्या असतील तर तिथलं काम लवकर होतं. तिथे जायची वेळ कुणावर येऊ नये. पण त्या भागात सहज फिरत असाल तर बाबासाहेब शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तिथून पायी चार पावलांवर आहे, तेही पाहून घ्या.

परतताना पिकॅडिली लाइनवर पुन्हा पाटी वाचा. अ‍ॅक्टन टाउनच्या पुढे हीसुद्धा फुटते, एक गाडी हीथ्रोला आणि दुसरी अक्सब्रिजकडे.