कर्ज फिटलं पण बोजा तसाच, माझा अनुभव

घर पसंत पडलं, टोकन देणारच होतो, पण वकील मॅडम म्हणाल्या थांबा, आधी सर्च, म्हणजे घराच्या जुन्या नोंदींची तपासणी, होऊ दे. बरं झालं थांबलो, कारण रेकॉर्डला घरावर जुन्या कर्जाचा बोजा, म्हणजे घर बँकेकडे गहाण असल्याची नोंद, दिसत होती. विकणारे काका म्हणाले अहो ते कधीच फेडलंय, आणि खरंच फेडलेलं होतं, शेवटच्या हप्त्याची पिवळी पडलेली पावती घेऊनच आले बिचारे, पण पावती आहे म्हणजे बोजा उतरला असं नसतं ना, बँकेने लिहून दिल्याशिवाय आणि ती नोंद कमी झाल्याशिवाय कागदावर घर गहाणच राहतं. मग काकांनी बँकेकडून नो ड्यूज लेटर, म्हणजे कर्ज बाकी नाही असं पत्र, आणि मूळ कागद सोडवून आणले, नोंद कमी करायचा अर्जही त्यांनीच केला. तोवर टोकन मॅडमकडेच ठेवलं आणि करारात एक ओळ घातली की बोजा उतरला नाही तर पैसे पूर्ण परत. काकांना ती ओळ जरा लागली, पण सही केली. नवीन उतारा हातात आल्यावर दोनदा वाचला, मगच खरेदीखत केलं.