जेसप मूट: कॉम्प्रोमीपासून रिबटलपर्यंत

जेसप ही आंतरराष्ट्रीय कायद्यावरची मूट, म्हणजे अभिरूप न्यायालयाची स्पर्धा. तिचं कॉम्प्रोमी, म्हणजे काल्पनिक खटल्याची हकीगत, साधारण सप्टेंबरात येतं, मेमोरियल, म्हणजे दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद, जानेवारीत द्यायची. वेळ भरपूर वाटतो, पण सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्यातच येते. तरीही पहिला आठवडा लायब्ररीत पळू नका, फक्त कॉम्प्रोमी वाचा. परिच्छेदांना क्रमांक असतात. वहीत दोन रकाने आखा आणि कुठला परिच्छेद ॲप्लिकंटच्या (दावा आणणाऱ्या देशाच्या) कामाचा, कुठला रिस्पॉन्डंटच्या (उत्तर देणाऱ्या), ते लिहीत जा. जो दोन्हीकडे बसतो, बेंच (न्यायाधीश) तिथेच बोट ठेवणार. मागाहून येणारी स्पष्टीकरणंही त्याच वहीत टाका.

मेमोरियलमध्ये आपल्याकडच्या मुलांना नडते ती प्रिसिडंटची, म्हणजे जुन्या निकालावर विसंबायची सवय. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टाकला की मुद्दा सिद्ध, असं इथे चालत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे स्वतःचे निकालसुद्धा त्याच्या स्टॅट्यूटच्या (संविधीच्या) कलम ५९ प्रमाणे फक्त त्या खटल्यातल्या पक्षांवर बंधनकारक असतात. त्याच स्टॅट्यूटचं कलम ३८ उघडून बसा: आधी करार, मग रूढी, मग सर्वसाधारण तत्त्वं, निकाल आणि विद्वानांची मतं दुय्यम साधनं. रूढी म्हणायची तर राष्ट्रांचं प्रत्यक्ष वर्तन आणि ते कायदा समजून केल्याची जाणीव, दोन्ही दाखवावं लागतं. १९६९चा नॉर्थ सी काँटिनेंटल शेल्फचा निकाल त्यासाठी मुळातून वाचा, सारांश नको.

कॉलेजचं नाव मेमोरियलमध्ये कुठेही नको. मुखपृष्ठावरून काढतात, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहून जातं. शब्दमर्यादेत तळटीपाही मोजतात, हे आदल्या रात्री कळून उपयोग नाही.

तोंडी फेरीत एका बाजूला ४५ मिनिटं आणि दोन ओरलिस्ट (युक्तिवाद करणारे). एकाला २५ पेक्षा जास्त घेता येत नाहीत, रिबटलला (शेवटच्या प्रत्युत्तराला) १० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. वाटणी सुरुवातीलाच बेलिफला (वेळ मोजणाऱ्याला) सांगायची, उदाहरणार्थ दोघांना २१ आणि २०, रिबटलला ४. वीस मिनिटांसाठी भाषण मात्र बारा मिनिटांचंच बसवा, बाकीचा वेळ प्रश्न खातात. संबोधन ‘युवर एक्सलन्सी’. ‘माय लॉर्ड’ तोंडातून जातंच, ते सरावात मोडा. उत्तर आधी हो की नाही, मग कारण, मग परिच्छेद क्रमांक.

प्रेयरवर, म्हणजे न्यायालयाकडे केलेल्या मागण्यांवर, हमखास प्रश्न येतो: ‘एवढं देता येत नसेल तर काय मागाल?’ कुलभूषण जाधव खटल्यात भारताने पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाची शिक्षा रद्द करायला सांगितलं होतं. १७ जुलै २०१९ च्या निकालात वाणिज्य दूतांच्या संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा भंग मान्य झाला, पण मिळाला तो परिणामकारक पुनर्विचार. आपल्या प्रत्येक मागणीखाली अशी एक पायरी तयार ठेवा.

रिबटलमध्ये दोनच मुद्दे, तेही समोरच्याने मांडलेल्यावरच. सररिबटल, म्हणजे रिबटलला रिस्पॉन्डंटचं उत्तर, तेही रिबटलच्या मर्यादेतच होतं. म्हणून रिस्पॉन्डंट चांगलाच अडखळला असेल तर ॲप्लिकंटने रिबटल सोडून द्यावं. मग त्यांना सावरायला परत उभंच राहता येत नाही.