पायाची काळी माती: टाकण्याआधी दोन घमेली बाजूला काढा

परभणी-नांदेडकडं पाया खणला की वर काळी माती, खाली मुरूम. मुरूम भरावाला लगेच उचलला जातो. काळी माती मात्र लोक ट्रॅक्टरचं भाडं भरून गावाबाहेर टाकतात! वरचा वीतभर थर शेतात जाऊ द्या, खालच्यातली दोन घमेली ठेवा.

पोळ्याचे बैल, पणत्या, कुंड्या होतात, पण नुसत्या मातीच्या नाही. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना तडकते. कडक उन्हात वाळवून फोडा, बादलीत रात्रभर भिजवा, गाळ जुन्या धोतरातून गाळा. इथं कंटाळा नको. चुनखडीचा खडा राहिला तर भाजलेली पणती हवेतल्या ओलाव्यानं नंतर तिथंच टवका सोडते. शंका असेल तर चिमूटभर मातीवर लिंबू पिळा. फसफसली की चुना आहे.

मग तीन वाट्या मातीला वाटीभर बारीक वाळू किंवा चाळलेली राख. एक पट्टी थापून तिच्यावर 10 सेंमीची रेघ ओढा, सावलीत वाळवा. रेघ 9 सेंमीपेक्षा आखूड झाली तर वाळू वाढवा.

ढीग मोठा असेल तर वीटभट्टीवाल्याला विचारा. तोही राख मिसळूनच वापरतो.